भाड्याने दिलेलं घर सुरक्षित कसं ठेवायचं: घरमालकासाठी पायरी-पायरीने

फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हटलं की मालकाच्या डोक्यात तीन गोष्टी असतात: भाडं किती, डिपॉझिट किती आणि माणसं कशी. करार ऑनलाइन होतो, एजंट घरी येऊन अंगठे घेतो, किल्ली दिली जाते. गीझरची तार किती जाडीची आहे किंवा बाथरूमच्या छतात काय गंजतंय, हे त्या कागदांत कुठेच येत नाही. येतं ते एवढंच: ‘जागा आहे त्या स्थितीत ताब्यात घेतली आहे.’ या एका वाक्याच्या भरवशावर बरेच घरमालक निर्धास्त असतात, आणि तो भरवसा कच्चा आहे.

महाराष्ट्रातल्या शहरांत फ्लॅट, वाड्यातली खोली किंवा बंगल्याचा वरचा मजला भाड्याने देणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सूत्र एकच धरलंय. जे भाडेकरूला दिसतं ते त्याने सांभाळावं. जे भिंतीत, स्लॅबमध्ये, डक्टमध्ये लपलेलं आहे ते मालकाचं. भाडेकरू अकरा महिन्यांसाठी येतो. वायरिंग कधी झालं, मागच्या पावसात कोणती भिंत ओलावली होती, कुठला पाइप बदलायचा राहिलाय, हे त्याला कळायला मार्ग नाही. तुम्हाला आहे.

आधी कायदा, थोडक्यात

आपल्याकडचे बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. म्हणजे राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, त्याला वापराची परवानगी दिलेली असते. (इथे मी बोलीप्रमाणे भाडेकरूच म्हणणार आहे.) ही कल्पना १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ मधली. त्याच कायद्यातली ५७ आणि ५८ ही कलमं फारसं कोणी वाचत नाही, आणि घरमालकाने वाचायची तर हीच. कलम ५७ सांगतं की जागेतल्या ज्या दोषामुळे राहणाऱ्याच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका होऊ शकतो, तो तुम्हाला माहीत असेल आणि त्याला नसेल, तर तो उघड करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. कलम ५८ सांगतं की जागा धोकादायक होईल असं काहीही तुम्ही करायचं नाही. ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहून घेतलं म्हणजे माहीत असलेला धोका लपवायची मुभा मिळत नाही.

पागडी किंवा नेहमीची भाडेकरारावरची जागा असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ लागू होतं. उलट करार झालेला नसेल तर जागा राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणं मालकावर बंधनकारक. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत काम केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट अशा अत्यावश्यक सोयी मालकाला विनाकारण तोडता येत नाहीत.

आणि निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घाबरवायला लिहीत नाही, पण आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं उपकरण) बसवायला कंटाळा करणाऱ्याला हे आधी माहीत असलेलं बरं.

पहिली पायरी: रिकाम्या घरात, दिवसाउजेडी

जुना भाडेकरू गेल्यावर नवा येण्याआधी चार-सहा दिवस घर रिकामं ठेवा. एजंट म्हणेल, ‘सर, पार्टी तयार आहे, उद्याच शिफ्ट होतील.’ होऊ देऊ नका. फर्निचर हललेलं असतं, भिंती उघड्या असतात, तेव्हाच घर खरं दिसतं.

छतापासून सुरुवात करा. बाथरूम, स्वयंपाकघर आणि बाल्कनीचा सज्जा या ठिकाणी प्लास्टर फुगलंय का, तपकिरी डाग किंवा सरळ रेषेत भेग आहे का ते पाहा. काठीने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजून फुगतेय आणि प्लास्टर सुटतंय असा संशय घ्यायचा. वरून पुट्टी आणि रंग मारून हे झाकणं म्हणजे कलम ५७ मोडण्याची सोपी रीत! सुटलेला भाग पाडून, सळई घासून, तिला गंजरोधक लेप देऊन मगच नवं प्लास्टर. डाग वरच्या फ्लॅटच्या बाथरूममुळे असेल तर वरच्या सभासदाला लेखी कळवा, गच्चीमुळे असेल तर सोसायटीला. तोंडी सांगितलेलं पुढच्या पावसापर्यंत सगळे विसरतात.

नूतनीकरणाचा मोह इथेच होतो. भिंत काढून हॉल मोठा करू, बाल्कनी आत घेऊ. २०१७ च्या जुलैमध्ये मुंबईत घाटकोपरला सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत आधाराला हात लागला होता. खांब, तुळई आणि त्यांच्यात जोडलेली कोणतीही भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय छेडायची नाही. ठेकेदार ‘काही होत नाही’ म्हणाला तर त्याच्याकडून तेवढं लिहून मागा. बहुधा तो लिहून देत नाही.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: इमारत मुळात कायदेशीर आहे का? एप्रिल २०१३ मध्ये ठाण्याजवळ शीळ फाट्याला लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच पडली आणि ७४ माणसं दगावली. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर बिऱ्हाडं राहत होती. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली जागा ‘तोवर भाडं तरी सुरू होईल’ म्हणून देऊ नका.

दुसरी पायरी: वीज

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. परवाना असलेला वायरमन बोलवा, त्याच्यासोबत घरभर फिरा आणि त्याने तपासलेलं सहीनिशी लिहून घ्या.

पहिला प्रश्न: आरसीसीबी आहे का? पुष्कळ मालकांना वाटतं की एमसीबी आहेत म्हणजे झालं. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून तार वाचवतो. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जायला लागली तर तो पडेलच असं नाही, कारण तेवढा प्रवाह त्याच्या हिशेबात नगण्य असतो. ते काम आरसीसीबीचं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा हवा. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर घरची वीज तत्क्षणी गेली पाहिजे. नाही गेली तर तो नुसता डबा आहे, बदला. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांत एका महिन्याच्या मेंटेनन्सएवढ्या पैशांत हे काम होतं.

इन्व्हर्टर असलेल्या घरात खास लक्ष द्या. इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) एकमेकांत मिसळला की आरसीसीबी सारखा पडतो. मग कुणीतरी घाईत तो बायपास करून टाकतो आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. एमसीबीच्या डब्यावर आरसीसीबी दिसतो, जोडलेला नसतो. म्हणून बटण दाबून बघायचं.

दुसरा प्रश्न अर्थिंगचा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत दोनच तारांचं वायरिंग असतं. तीन भोकांच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक रिकामंच. काही वायरमन तिथे न्यूट्रलवरून जंप मारतात, म्हणजे तारेचा तुकडा जोडून देतात. टेस्टरने सगळं ठीक दिसतं, पण न्यूट्रल कुठे तुटला की फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं, गीझरचं पत्र्याचं अंग जिवंत होतं. अशी जंप आढळली तर त्याच दिवशी काढा आणि खरी अर्थिंग ओढून घ्या.

गीझर आणि एसीला डब्यापासून स्वतंत्र लाइन हवी. ३ किलोवॉटचा गीझर १३ अँपिअर ओढतो. हा भार दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर टाकला की तार भिंतीत तापत राहते आणि बाहेर कुणाला कळत नाही. एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. तो बसला की एमसीबीऐवजी तारच फ्यूजचं काम करते.

साठवणीच्या गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाहा. तो ठिबकतो म्हणून प्लंबर बूच मारतात. थर्मोस्टॅट अडकला तर आतला दाब जायला दुसरी वाट उरत नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या भागात कॉइलवर क्षार चढतात, तेव्हा वर्षातून एकदा गीझर उघडून साफ करा.

भाडेकरूकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे का, हे आधीच विचारा. पार्किंगमध्ये सोय नसेल तर तो खिडकीतून एक्स्टेन्शन सोडणार हे धरूनच चाला. त्यापेक्षा सोसायटीच्या परवानगीने तुमच्या मीटरवरून वेगळा पॉइंट काढून द्या.

तिसरी पायरी: गॅस

एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळती जमिनीलगत साचते. पाइपचा नैसर्गिक वायू (पीएनजी) हलका, तो छताकडे जातो. सिलिंडरच्या घरात हवा खेळायला खाली झरोका हवा आणि पीएनजीच्या घरात वर. मॉड्युलर किचन करताना सिलिंडरचं कपाट सगळीकडून बंद केलं जातं. त्याच्या दाराला खालून जाळी पाडून घ्या.

रबरी नळी सुरक्षा जातीची, नारिंगी, आत जाळी असलेली हवी. तिचं आयुष्य पाच वर्षं, त्यावर छापलेली तारीख वाचा. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, आणि नळी भिंतीतून किंवा ट्रॉलीच्या मागून लपवून नेऊ नका. तुम्ही शेगडीसकट घर देत असाल तर नळी तुमची, वाद नको. पीएनजी असेल तर बंद करायचा कॉक कपाटामागे गेलेला नाही ना ते बघा, आणि भाडेकरूला तो प्रत्यक्ष फिरवून दाखवा. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा.

गॅस गीझरबद्दल माझं मत ठाम आहे: भाड्याच्या घरात तो ठेवूच नये. हवा अपुरी पडली की ज्वाला कार्बन मोनॉक्साइड तयार करते. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळ करणाऱ्याला गुंगी येते आणि दार आतून बंद असतं. ठेवायचाच असेल तर बाथरूमबाहेर, उघड्यावर, धूर बाहेर काढणाऱ्या नळीसह. काचा लावून बंद केलेली ड्राय बाल्कनी म्हणजे उघडी जागा नव्हे. हिवाळ्यात ती काच कोणीच उघडत नाही.

चौथी पायरी: पडणं, अडकणं, आग

बाल्कनीचा कठडा फरशीपासून किमान एक मीटर उंच हवा. नवी फरशी जुनीवर बसवली असेल तर पुन्हा मोजा, दोन-तीन इंच तिथेच जातात. उभ्या सळयांमधलं अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल आणि घरात लहान मूल येणार असेल तर जाळी लावून द्या. आडव्या सळया मुलांना शिडीसारख्या सापडतात.

चोरीच्या भीतीने आपण खिडक्यांना बाहेर आलेले पिंजरे बसवतो. आग लागली तर सुटकेची तीच वाट बंद होते. निदान एका ग्रिलमध्ये आतून उघडणारी झडप ठेवा आणि तिची किल्ली खिडकीशेजारीच खिळ्याला अडकवा, मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. दोन किलोचा एबीसी प्रकारचा अग्निशामक दाराजवळ ठेवा. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असायला हवा.

कॉट बेसिस: हे प्रकरण वेगळं

पुण्यात सदाशिव आणि नारायण पेठांत स्पर्धा परीक्षेची मुलं एका खोलीत चार-सहा कॉटवर राहतात. तिथे वरचं सगळं दुप्पट लागू होतं. एका सॉकेटवर सहा चार्जर, एक इंडक्शन शेगडी, पाणी तापवायची कॉइल आणि हिवाळ्यात हीटर. ‘इंडक्शन वापरायचं नाही’ अशी पाटी लावून काही होत नाही. मेस महाग पडते तेव्हा मुलं मॅगी करणारच. त्यापेक्षा एका कोपऱ्यात वेगळ्या लाइनवर १६ अँपिअरचा एक पॉइंट द्या आणि स्वयंपाक फक्त तिथेच, असं सांगा. प्रत्येक कॉटजवळ स्वतंत्र सॉकेट दिलं की एक्स्टेन्शनच्या माळा आपोआप कमी होतात.

लाकडी जिन्याच्या वाड्यात जिन्याखाली गॅस सिलिंडर, रद्दी आणि मीटर एकत्र असतात. तो जिना हीच खाली यायची एकमेव वाट. मीटर सोडून बाकी सगळं तिथून हलवा. रात्री बाहेरचं दार कुलूप लावून बंद करणारे मालकही असतात, ‘मुलं रात्री फिरतात’ म्हणून. हे कृपया करू नका.

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. मुंबईत अशी नोटीस १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली येते, राज्यातल्या बाकी महापालिकांत १९४९ च्या कायद्याच्या कलम २६४ खाली. अशी नोटीस आलेली जागा नव्याने भाड्याने द्यायची नाही. आधीच राहणाऱ्यांना नोटिशीची प्रत त्याच दिवशी द्या.

पाचवी पायरी: सोसायटीला विचारायचे प्रश्न

फ्लॅट तुमचा असला तरी निम्मी सुरक्षा सोसायटीच्या हातात असते, आणि सभासद भाडेकरू नसून तुम्ही आहात. कमिटीत प्रश्न तुम्हालाच विचारावे लागतात.

स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. महापालिका कायद्यांतही ३० वर्षांपुढच्या इमारतींसाठी तपासणी बंधनकारक आहे. अहवाल मागून वाचा. ‘झालंय’ एवढ्या उत्तरावर थांबू नका.

अग्निशमन यंत्रणेचं काय? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. शेवटचं कधीचं आहे, एवढंच विचारा. लिफ्टची देखभाल आणि पाण्याच्या टाक्या साफ केल्याची तारीख हेही विचारून घ्या.

बंगला किंवा बैठं घर असेल तर सोसायटीची ही सगळी कामं तुमचीच. त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहितो: सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कुणाला आत उतरवणं हा गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणसं मिनिटांत जातात. यंत्राची गाडी बोलवा.

सहावी पायरी: करारात काय लिहायचं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं तुम्ही करतच असाल. पण छापील मसुद्यात दुरुस्तीची वाटणी धूसर असते, ती नीट लिहा.

केंद्राने २०२१ मध्ये भाडेकरूंविषयी एक नमुना कायदा काढला. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, पण त्यातली दुरुस्तीची यादी मसुद्यासाठी कामाची आहे. बांधकामाची दुरुस्ती, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, बेसिन, तुंबलेली मोरी, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. त्या यादीत गीझर आणि सर्किट ब्रेकरची दुरुस्तीही भाडेकरूवर टाकली आहे. मला ते पटत नाही. या दोन्हींत चूक झाली तर जीव जातो, आणि भाडेकरू साहजिकच सर्वांत स्वस्त माणूस शोधतो. माझ्या मते ही दोन्ही मालकाने स्वतःकडे ठेवावीत, पैसे कोण देणार हे हवं तर वेगळं ठरवावं.

त्याच यादीसोबत एक पान जोडा: माहीत असलेले दोष. ‘बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसात ओल येते, त्या भिंतीवरचं सॉकेट बंद केलं आहे.’ एवढं साधं, तारीख घालून, दोघांच्या सह्यांनी. पुष्कळ मालक याला भितात. ग्राहक जाईल म्हणतात. जाईलही. पण ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५७ मधला तुमचा वाटा या पानाने पुरा होतो.

सातवी पायरी: राहायला आल्यानंतर

किल्ली देताना अर्धा तास काढा. मेन स्विच, आरसीसीबीचं बटण, गॅसचा कॉक, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, ग्रिलची झडप, जिना. भाडेकरूच्या हातानेच चालवून घ्या, आणि घरातल्या आजी-आजोबांनाही दाखवा, कारण दिवसा घरात तेच असतात.

तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागवा. सगळ्या सारख्या नसतात. ‘नळाला झिणझिण्या येतात’ असा निरोप आला तर बाकी कामं सोडायची. गीझर लगेच मेनपासून बंद करायला सांगा आणि त्याच दिवशी वायरमन पाठवा. गॅसचा वास, छतातून पडलेलं प्लास्टर, स्विचबोर्डमध्ये पाणी, जळकट वास: हेही त्याच दिवशी. मुख्य दाराचं बिघडलेलं कुलूप दुसऱ्या दिवशी. कपाटाचं बिजागर आठवड्याने चालेल.

एप्रिल-मेमध्ये एक फेरी, आणि पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर एक. आदल्या दिवशी कळवून, भाडेकरूला सोयीच्या वेळी. डुप्लिकेट किल्लीने परस्पर आत शिरू नका, कितीही चांगल्या हेतूने असलं तरी.

तुम्ही बेंगळुरूला किंवा परदेशात असाल तर हे सगळं फोनवरून होणार नाही. कुलमुखत्यारपत्र सहसा करारापुरतंच केलं जातं. त्यात दुरुस्ती मंजूर करण्याचा अधिकार आणि खर्चाची मर्यादा लिहा, म्हणजे वडीलधाऱ्या काकांना किंवा शेजाऱ्याला गीझर बदलायला तुमच्या तिकडच्या सकाळची वाट पाहावी लागणार नाही. ते नाव आणि नंबर भाडेकरूला करारासोबतच द्या.